वाऱ्याच्या तोंडाक

परवा नातवाने एक पुस्तक आणून माझ्या मांडीवर टाकलं. चकचकीत कागद, पानोपानी विमानं, आणि वर मोठ्या अक्षरांत जिज्ञासू मुलांसाठी विमानतळाच्या गमतीजमती वगैरे. "आजी, वाच ना," म्हणाला. मी चष्मा लावला आणि वाचायला लागले. तिसऱ्या की चौथ्या पानावर वाऱ्याने फुगलेल्या पट्ट्यापट्ट्यांच्या पिशवीचं चित्र होतं आणि त्याखाली एक ओळ होती की विमान नेहमी वाऱ्याकडे तोंड करून उतरतं. नातू म्हणाला, "हे खरं आहे का गं?" मी पुस्तक मिटून त्याच्या हातात दिलं आणि चहाचं आधण ठेवायला आत गेले, तर भांडं एवढ्या जोरात ओट्यावर आदळलं की पाणी सांडलं. सुनेला वाटलं, हातातून निसटलं. निसटलंबिसटलं काही नाही, राग होता. छापील पुस्तकातल्या एका साध्या ओळीवर एवढं कोण रागावतं, असं कुणी विचारील. मी रागावते. साठ वर्षं मी तो राग लोणच्यासारखा नीट झाकून ठेवलेला आहे, आणि अजून त्याला बुरशी लागलेली नाही.

आमचं घर आचऱ्याच्या खाडीच्या अंगाला, माडांच्या बागेत होतं. घर म्हणजे मातीच्या भिंती, वर नळ्यांचं छप्पर, पुढे शेणाने सारवलेलं खळं. समुद्राची गाज रात्रंदिवस असायची, म्हणून ती आम्हाला ऐकू येत नसे. मालवणला मावशीकडे राहायला गेलं आणि गाजेचा सूर बदलला की मगच कळायचं की आपण घरी काहीतरी ऐकत होतो. बाबा तांडेल होते. दुसऱ्याच्या मालकीचं शिडाचं तारू घेऊन ते कधी मंगळूरची कौलं, कधी मुंबईचं सामान आणायचे. पावसाळ्यात बंदर बंद झालं की तारू किनाऱ्यावर ओढून झावळांनी शाकारून ठेवायचं, आणि मग तीन-साडेतीन महिने बाबा घरी. ते दिवस मला फार आवडायचे. बाबा पडवीत फाटकी शिडं शिवत बसायचे, आये चुलीपाशी पेज ढवळत तोंडाने सगळ्या वाडीचा समाचार घ्यायची, आणि दुपारी उकड्या तांदळाची पेज, भाजलेला सुका बांगडा आणि खोबऱ्याची चटणी असं जेवण व्हायचं. आयेचा आवाज मोठा होता आणि बाबांचा त्याहून मोठा. खाडीच्या या काठावरून त्यांनी हाक मारली की पलीकडचा होडीवाला जेवताना उठायचा. हा आवाज लक्षात ठेवायला हवा, कारण एक दिवस तो नाहीसा झालेला मी ऐकला.

बाबांचा धाकटा भाऊ, माझा दत्तूकाका, मुंबईला सांताक्रूझच्या विमानतळावर नोकरीला होता. आमच्या वाडीत 'विमानतळ' हा शब्द त्यानेच आणला, आणि तो कोणालाच नीट कळला नाही. आमच्याकडे तळी म्हणजे देवळाची तळी, पायऱ्या उतरून जाऊन पाय धुवायचं पाणी. तेव्हा विमानाची तळी म्हटल्यावर सगळ्यांनी समजून घेतलं की विमान बदकासारखं पाण्यावर उतरत असणार. आयेची तर खात्रीच होती. "मगे दत्तू थंय पोहूक जाता काय?" असं तिने बाबांना गंभीरपणे विचारलं होतं. काका गणपतीला आला तेव्हा त्याने खळ्यात काठीने रेघा ओढून समजावून दिलं की तळ म्हणजे मुक्काम, सैन्याचा तळ पडतो ना तसा, आणि तिथे पाणी अजिबात नसतं. पाणी साचलं तर उलट साहेब लोक बोंब मारतात. आयेचा थोडा विरसच झाला.

काका चौथी शिकलेला. पण त्याला गोष्टी बघायची आणि सांगायची हौस अशी होती की दहा शिकलेल्यांनी त्याच्यापुढे बसावं. महिन्याला त्याचं एक कार्ड यायचं. 'पत्रास कारण की' पासून सुरुवात, मग सगळ्यांची खुशाली, आणि शेवटी, जागा उरेल तेवढ्यात अगदी बारीक अक्षरात, 'बायस सांगणे की'. बाय म्हणजे मी. तेवढा मजकूर माझा. 'बायस सांगणे की विमानाच्या रस्त्यास नंबर असतो. एका टोकास नऊ व दुसऱ्या टोकास सत्तावीस. बाबास विचार, त्यास कळेल.' मी विचारलं. बाबांनी शिडात सुई खोचून ठेवली, तारवावरचा दिशा दाखवणारा होका काढून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "हो बघ. पूर्व म्हणजे नव्वद. पश्चिम म्हणजे दोनशे सत्तर. शून्य काढून टाकलंस तर काय रवता?" नऊ आणि सत्तावीस. मला झालेला आनंद अजून आठवतो. आमच्या घरातल्या पितळी होक्यातले आकडे मुंबईच्या विमानाच्या रस्त्यावर रंगवलेले होते.

अशी कार्डं मी खोबरेल तेलाच्या रिकाम्या डब्यात जमवली होती. विमानाचं तेल पंखात भरतात. रस्त्याच्या कडेला पांढरे दिवे असतात आणि विमान चालत चालत घराकडे जातं त्या वाटेला निळे. उंच मनोऱ्यावर काचेची खोली असते आणि तिच्या काचा बाहेरच्या अंगाला कललेल्या असतात, म्हणजे आतल्या दिव्याचं प्रतिबिंब डोळ्यांत येत नाही. ज्या विमानाचा रेडिओ बिघडला असेल त्याला मनोऱ्यातून हिरवा किंवा लाल दिवा दाखवतात. विमान चालवणारे दोघे शक्यतो एकच जेवण जेवत नाहीत, एकाचं पोट बिघडलं तर दुसरा शाबूत राहावा म्हणून. हे शेवटचं मी जेवताना वाचून दाखवलं तेव्हा आयेने हातातला डाव खाली ठेवला. "रांधपिणीवर इतको अविश्वास?" म्हणाली. दोन दिवस ती विमानवाल्यांवर रुसलेली होती.

आता काका तिथे काय करायचा ते सांगते. तो धावपट्टीवरची पाखरं हाकलायचा. पाखरू विमानाला आपटलं तर मोठा अपघात होऊ शकतो, म्हणून हे काम असतं आणि ते जोखमीचं असतं. पाऊस पडून गेला की गांडुळं पट्टीवर येतात, गांडुळांमागून बगळे नि कावळे येतात. गवत फार वाढलं तरी पंचाईत आणि फार कापलं तरी पंचाईत. काकाला हे सगळं पाठ. घार कुठल्या वेळी कुठे घिरट्या घालते, हे तो साहेबाला सांगायचा आणि साहेब ऐकायचा. लहानपणी त्याने आमच्या वायंगणाच्या शेतात डबा बडवून पाखरं राखली होती. "हंय फुकट करी होतंय, थंय तेचो पगार गावता," असं तो स्वतःच हसून सांगायचा. त्याला त्यात काही कमीपणा नव्हता. कमीपणा आयेला होता. तिने वाडीत सांगून ठेवलं होतं की आमचे भावोजी विमानतळावर साहेबाच्या हाताखाली आहेत. खोटं नव्हतं ते, पण पुरतं खरंही नव्हतं, आणि त्याची किंमत आयेने दिली नाही, मी दिली.

मी सातवीत होते. सातवीची फायनल पास झालं की मास्तरीण होता यायचं. आमच्या वाडीतली एकही मुलगी तोपर्यंत त्या परीक्षेला बसलेली नव्हती. मला मास्तरीण व्हायचं होतं; दुसरं काही होण्यासारखं मी पाहिलेलंच नव्हतं, आणि न शिकलेल्या मुलींचं काय होतं ते रोज पाहत होते. परीक्षेचा फॉर्म भरून मालवणला पाठवायचा आणि त्यावर गुरुजींची सही लागायची. सही नाही तर परीक्षा नाही. आमच्या त्या गुरुजींचं नाव मी इथे घालणार नाही. त्यांची मुलंनातवंडं असतील, त्यांचा काय दोष. ते घाटावरून बदली होऊन आले होते आणि आल्या दिवसापासून आमच्यावर चिडलेले होते. आमची बोली त्यांना किळसवाणी वाटायची, माशाचा वास त्यांना सहन होत नसे, आणि पावसाने त्यांच्या चपलांना बुरशी आली तर तोही आमचाच अपराध.

श्रावणात डिपोटी शाळा तपासायला येणार होते. आमच्याकडे शाळा तपासणाऱ्या साहेबाला डिपोटी म्हणत. त्यांना दाखवायला गुरुजींनी निबंध घातला, 'मला आवडणारे ठिकाण'. सगळ्यांनी देऊळ लिहिलं, नाहीतर समुद्रकिनारा. मी विमानतळ लिहिलं. तेलाचा डबा उघडून, सगळी कार्डं पुढ्यात मांडून, तीन संध्याकाळी बसून लिहिलं. इतकं मन लावून मी त्यानंतर काही लिहिलं असेल असं वाटत नाही. आत्ता लिहितेय हेसुद्धा नाही. शुद्ध पुस्तकी भाषेत लिहायची मी पराकाष्ठा केली होती. एकाच जागी चुकले. काकाच्या कार्डातला शब्द तसाच उतरला. मी लिहिलं, 'विमान नेहमी वाऱ्याच्या तोंडाक उतरते.'

वही परत आली तेव्हा त्या ओळीखाली लाल शाईची जाड रेघ होती आणि समासात लिहिलं होतं, 'वाऱ्याला तोंड असते काय? निव्वळ थापा.' शेवटी मोठं शून्य. माझी वही गुरुजींनी वर्गात वाचून दाखवली. तोंडाक हा शब्द त्यांनी तीनदा उच्चारला, आणि दर वेळी मुलं हसली. हसणारी सगळी मुलं घरी तसंच बोलत होती. या गोष्टीचाही मला राग आहे, पण तो मी सोडून दिलेला आहे, लहान होती बिचारी.

गुरुजी म्हणाले, "काय गं, तुझा बाप तांडेल ना? मग त्याचं तारू वाऱ्यावर चालतं की वाऱ्याविरुद्ध?"

मी उभी राहिले. मला खरंच वाटलं की त्यांना समजून घ्यायचंय. मी म्हटलं, "चालताना वारा पाठीमागून लागतो, गुरुजी. पण बंदरात थांबायचं असलं की नाळ, म्हणजे तारवाचं पुढचं टोक, वाऱ्याकडे वळवतात. वारा समोरून आला की वेग मरतो. विमानाचंही तसंच आहे." आणि मग मला अवदसा आठवली. मी खिडकीकडे बोट दाखवून म्हटलं, "तो कावळा बघा, गुरुजी. तो आता त्या गडग्याच्या दगडांवर बसेल, तो वाऱ्याकडे तोंड करूनच बसेल." कावळा बसला, आणि तसाच बसला. वर्गातल्या सगळ्यांनी मान वळवून पाहिलं. गुरुजींनीही पाहिलं. ते मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून सांगते की माणूस चुकला यात काही नव्हतं, घाटावरच्या माणसाला शिडाचं काय ठाऊक. पण त्या क्षणी त्यांना कळलेलं होतं. कळूनसवरून त्यांनी पुढचं सगळं केलं.

"कोणी शिकवलं हे तुला?" त्यांनी विचारलं.

"माझ्या काकांनी. ते विमानतळावर असतात."

"काय करतात तिथे? विमान चालवतात?"

आयेने घालून दिलेलं वाक्य तोंडावर आलं होतं. पण मी नुकतीच खरं बोलून जिंकले होते आणि मला त्याची चटक लागली होती. मी म्हटलं, "धावपट्टीवरची पाखरं हाकलतात."

वर्ग एवढा हसला की शेजारच्या वर्गातले मास्तर दारात येऊन उभे राहिले. "म्हणजे बुजगावणं," गुरुजी म्हणाले. "बुजगावण्याकडून विद्या शिकून आलीय आणि आम्हाला शिकवतेय." दोन छड्या उजव्या हातावर, दोन डाव्या. "उद्या बापाला घेऊन ये. फॉर्म शनिवारी मालवणला जायचे आहेत. तुझ्यावर सही करायची की नाही ते बघतो."

घरी आले तेव्हा बाबा पडवीत शीड शिवत होते. मी सगळं सांगितलं. आये चुलीपासून उठून आली आणि पाखरांचं सांगितल्याबद्दल तिने आधी मलाच दोन शब्द सुनावले, मग माझे हात खोबरेल तेलाने चोळत गुरुजींच्या सात पिढ्या काढल्या. बाबांनी हातातलं शीड बाजूला सारलं. मग म्हणाले, "दत्तून सांगल्यान ता बरोबर आसा. वाऱ्याच्या तोंडाक. फाटसून वारो घेवन बंदरात शिरलंस तर तारू थांबताच नाय, खडपार चढता. गुरुजीक माहीत नाय आसात. मी येतंय फाल्या." त्या रात्री मी सुखाने झोपले. उद्या बाबा येणार, आपल्या त्या आवाजात सांगणार, आणि गुरुजींना ऐकावं लागणार.

दुसऱ्या दिवशी बाबांनी लग्नाकार्याचा पांढरा सदरा घातला आणि बरोबर चार सोललेले नारळ आणि केळ्यांचा एक फणा घेतला. ते नारळ बघूनच मला समजायला हवं होतं. भांडायला जाणारा माणूस नारळ घेऊन जात नाही.

बाबा वर्गात आले ते चपला बाहेर काढून. नारळ टेबलाच्या पायाशी ठेवले. गुरुजींनी त्यांना बसा म्हटलं नाही. आणि मग बाबा बोलायला लागले, गुरुजींच्या भाषेत. ती भाषा त्यांना येत नव्हती. एकेक शब्द पायाखाली दगड चाचपून बघावा तसा ठेवत ते म्हणाले, "गुरुजी, पोरीचं चुकलं. लहान आसा. आहे. तिला काय कळतंय. तिच्या काकाला पण काय कळतंय. आम्ही अडाणी माणसं." आवाज इतका बारीक की मागच्या रांगेला ऐकू गेला नसेल. मला वाटलं, हा दुसराच कोणी माणूस बाबांचा सदरा घालून आलाय.

एवढ्यावर थांबायला हरकत नव्हती. नारळ मिळाले होते, माफी मिळाली होती. पण गुरुजींना अजून पाहिजे होतं. ते म्हणाले, "तांडेल, तुम्ही समुद्रावरचे. तुम्हीच सांगा या मुलांना. वारा पाठीमागून हवा की पुढून?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. जमिनीकडे बघून म्हणाले, "पाठीमागून, गुरुजी."

मग मला उभं केलं. काय म्हणायचं ते गुरुजींनी सांगितलं आणि मी म्हटलं. "माझ्या काकांनी मला खोटे सांगितले. विमान वाऱ्याबरोबर उतरते." गुरुजी म्हणाले, मोठ्याने. मी पुन्हा मोठ्याने म्हटलं. बाबा तिथेच उभे होते. गुरुजींनी खणातून फॉर्म काढला, सही केली, शाईवर टीपकागद दाबला आणि गठ्ठ्यात ठेवून दिला.

परतताना शेताच्या मेरेवरून बाबा पुढे, मी मागे. मी रडत नव्हते. मला काहीतरी फोडायचं होतं. निम्म्या वाटेवर मी म्हटलं, "बाबानू, तुमी खोटा बोललात."

"होय," बाबा म्हणाले. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

"कित्याक?"

"सई होयी होती, बाय." मग थोडं चालून झाल्यावर म्हणाले, "तारू माझा न्हय. आज आसा, फाल्या मालक दुसरो तांडेल बघतलो. तू मास्तरीण झालंस काय तुका कोणाफुडे हात जोडूक नको."

बाबांचा हा हिशेब साफ चुकला, हेही इथेच सांगून टाकते. मी तेहतीस वर्षं मास्तरीण होते आणि किती जणांपुढे हात जोडले याची मोजदाद नाही. बदलीसाठी जोडले, रजेसाठी जोडले, गळक्या छपराच्या दुरुस्तीसाठी तर पाच वर्षं जोडत होते. पण वर्गात मूल काही वेगळं बोललं की माझ्या तोंडून 'थापा' हा शब्द कधी गेला नाही. यात मोठेपणा काही नाही. तो शब्द मला उच्चारताच येत नाही. बाबांशी मी नारळी पुनव होऊन गेली तरी बोलत नव्हते. आये मध्ये पडून मला बोलतं करू बघायची, "बापाशीक सांग, पेज वाढली." ते ऐकून बाबा आपणच येऊन बसायचे. आज मला त्यांची माया कळते. माया कळली म्हणून राग जातो असं जे म्हणतात, त्यांना राग म्हणजे काय ते ठाऊक नसावं. माझ्यासाठी त्यांनी खाली मान घातली, ती मान मला बघायला लावली, आणि वर ते माझ्याच भल्याचं होतं. असल्या उपकाराचं करायचं काय, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

गणपतीला काका आला. दारात पिशवी ठेवतो न ठेवतो तोच गडग्यापलीकडून पोरं ओरडली, "बुजगावणा इला, बुजगावणा इला." काकाला वाटलं, खेळतायत. तो हसला. संध्याकाळी आरती झाल्यावर तो नेवरी खात पडवीत बसला होता. मला जवळ बोलावून म्हणाला, "गो बाय, निबंध लिवलंस म्हणान आयकलंय. काय म्हणाले गुरुजी?"

आये आतून खाकरली. मी गप्प बसावं म्हणून ते खाकरणं होतं. मी गप्प बसले नाही. सगळं सांगितलं, छड्या, कावळा, नारळ, आणि शेवटी मी वर्गात उभी राहून मोठ्याने काय म्हटलं तेही, शब्दाला शब्द. माझी इच्छा होती की त्याने चिडावं. त्याने उठावं, बाबांशी भांडावं, माझ्या एक थोबाडीत मारावी, शाळेत जाऊन आरडाओरडा करावा, काहीही.

काकाने नेवरीचा उरलेला तुकडा तोंडात टाकला. "फॉर्म गेलो मा?" त्याने विचारलं.

"गेलो."

"मगे झाला तर," म्हणाला, आणि हात धुवायला उठून गेला.

तो मुंबईला गेल्यावर पुढच्या महिन्यात कार्ड आलं. पत्रास कारण की, सर्वांची खुशाली, पावसाचं मान, वहिनीच्या गुडघ्याची चौकशी, दादास नमस्कार. खाली तीन बोटं जागा कोरी होती. मी कार्ड उलटून पाहिलं, पत्त्याच्या बाजूला पाहिलं. मग त्याच्या पुढच्या महिन्याचं आलं, तेही तसंच. 'बायस सांगणे की' पुन्हा कधीच आलं नाही. मी उत्तरात विचारायची, काका, सध्या कोणत्या टोकाने विमानं उतरतात, काका, दिवे कोण लावतं. उत्तर यायचं, 'बायने अभ्यास करावा.'

मी फायनल पास झाले. चांगले गुण पडले. काकाने बक्षीस म्हणून मे महिन्यात मला मुंबईला बोलावलं, आणि सुटीच्या दिवशी, मी फार मागे लागले म्हणून, तो मला विमानतळाच्या कुंपणापाशी घेऊन गेला. तारेच्या जाळीपलीकडे लांबच लांब पट्टी, कडेला वाळलेलं गवत, लांबवर तो काचेचा मनोरा. सगळं कार्डात होतं तसंच. दुपार कलली होती आणि समुद्राकडून भरभर वारा येत होता. आम्ही मनोऱ्याकडे पाहत उभे असताना पूर्वेच्या डोंगरांवरून एक विमान खाली आलं आणि वाऱ्याकडे, म्हणजे सरळ पश्चिमेकडे, तोंड करून उतरलं. आवाजाने जाळी थरथरली. काका त्या पट्टीवर वर्षानुवर्षं रोज उभा राहत होता. अशी हजारो विमानं त्याने पाहिली होती.

मी म्हटलं, "काकानू, बघा. वाऱ्याच्या तोंडाक."

तो विमानाकडे बघतच राहिला. "माका काय कळता गो त्यातला," म्हणाला. "ता शिकल्या माणसांचा काम. गुरुजी म्हणतत तर तसाच आसतला."

मी जाळी दोन्ही हातांनी धरली. म्हटलं, "काकानू, मी वर्गात खोटा बोललंय. सईसाठी बोललंय. तुमका ठावक आसा."

"माका ठावक आसा गो," काका म्हणाला. तो रागावलेला नव्हता, अगदी साध्या आवाजात बोलत होता. "पण आता वर्गात जावन ता कोण सांगतलो?"

पुढे मी मास्तरीण झाले, चार तालुके हिंडले, पण त्या वर्गाचा उंबरा मी परत ओलांडला नाही. तिथे ते अजून कोणी सांगितलेलं नाही.